प्रोसेसर कोणता घ्यावा ?

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी एक जुनी म्हण आहे. दोन्ही कार्यांत गांठीचा पैसा, मनाचा निश्चय आणि आप्तेष्टांचा सल्ला यांची एकदमच परीक्षा होते. म्हणून तीं अनुभवावांचून कळत नाहींत, असा तिचा भावार्थ. आजच्या काळीं या म्हणींत आणखी एक कार्य घालावयास हरकत नाहीं. तें म्हणजे सुटे भाग आणून घरचा संगणक जुळविणें. यांतहि पैसा जातो, निश्चय डळमळतो, आणि सल्ला देणारे तर पावलोपावलीं भेटतात. त्यांतल्या त्यांत एका प्रश्नावर घरांत दोन तट पडल्यावांचून राहत नाहींत. तो प्रश्न असा कीं, प्रोसेसर इंटेलचा घ्यावा कीं एएमडीचा ?

पालघर जिल्ह्यांत बोईसरच्या शेजारीं बेटेगांव म्हणून गांव आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत कामास जाणारीं पुष्कळ कुटुंबें या भागांत राहतात. अशाच एका कुटुंबाची श्रोत्यांनीं कल्पना करावी. वडील एका कारखान्यांत फिटर आहेत. थोरली मुलगी इमारतींचे नकाशे काढण्याचें शिक्षण घेत आहे. धाकटा मुलगा अकरावींत आहे. दिवाळीच्या बोनसांतून कांहीं रक्कम बाजूस पडली आहे, आणि ती एकदांच खर्च होणार आहे. निवड चुकली तर पुढच्या दिवाळीपर्यंत ती सुधारतां यावयाची नाहीं, आणि मुलीला परीक्षेचे नकाशे मैत्रिणीच्या घरीं जाऊन काढावे लागतील. प्रश्न वरून लहान दिसला तरी या घरापुरता तो मोठा आहे.

मुलगा म्हणतो, “बाबा, एएमडीच घ्या. माझे सगळे मित्र तेंच सांगतात.” शेजारचे काका खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, “अरे, इंटेल तें इंटेल. आमच्या ऑफिसांत वीस वर्षें दुसरें कांहीं आलें नाहीं.” वडील दोघांकडे आळीपाळीनें पाहतात. मुलगी मात्र कांहींच बोलत नाहीं. ती वहींत एक यादी करीत आहे. त्या यादीकडे वळण्यापूर्वीं या दोन घराण्यांची कुळकथा थोडक्यांत पाहणें जरूर आहे, कारण निम्मा वाद तिच्या अज्ञानांतून निघालेला असतो.

इंटेल कंपनी अमेरिकेंत १९६८ सालीं रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनीं काढली. पुढल्याच वर्षीं, १९६९ च्या मे महिन्यांत, जेरी सँडर्स व त्यांचे सहकारी यांनीं एएमडीची स्थापना केली. दोन्हीकडचे प्रमुख लोक पूर्वीं फेअरचाइल्ड या एकाच कंपनींत नोकरीस होते. तेव्हां हें वैर परक्यांचें नसून भाऊबंदांचें आहे. १९७१ सालीं इंटेलनें ४००४ नांवाची चिप बाजारांत आणली. नखाएवढ्या त्या तुकड्यावर सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर बसविलेले होते. १९७८ सालीं ८०८६ आली, आणि तिच्याच कुळांतील ८०८८ ही चिप आयबीएमनें १९८१ च्या आपल्या सुप्रसिद्ध संगणकासाठीं निवडली. मात्र आयबीएमचा आग्रह असा होता कीं, इतका महत्त्वाचा भाग एकाच कारखान्यावर विसंबून घ्यावयाचा नाहीं. तोच भाग करून देणारा दुसराहि कोणी असला पाहिजे. या आग्रहापायीं १९८२ सालीं इंटेल व एएमडी यांच्यांत करार झाला आणि एएमडीला त्या चिपा करण्याचा अधिकार मिळाला.

पुढें ३८६ या नव्या चिपेचे आराखडे देण्याचें इंटेलनें नाकारलें. प्रकरण लवादापुढें आणि न्यायालयांत गेलें व १९९५ पर्यंत चाललें. दरम्यान १९९१ सालीं एएमडीनें स्वतःची ३८६ बाजारांत आणली. २००३ सालीं एएमडीनें त्याच परंपरेंत ६४ बिटांची रीत काढली, आणि दुसऱ्याच वर्षीं ती इंटेलनें स्वीकारली. म्हणजे आज एएमडीचा प्रोसेसर मुळांत इंटेलनें घडविलेली भाषा बोलतो, आणि इंटेलचा प्रोसेसर त्या भाषेचें एएमडीनें केलेलें व्याकरण पाळतो. दोघांवरहि तेंच विंडोज आणि तेच प्रोग्राम चालतात. “एएमडीवर आपलें काम चालेल ना ?” ही काकांची शंका या एका गोष्टीनेंच फिटावी.

या दोन घराण्यांशीं महाराष्ट्राचाहि एक धागा जुळलेला आहे. १९५० सालीं पुण्यास जन्मलेले विनोद धाम हे इंटेलमध्यें पेंटियम प्रोसेसरच्या कामाचे प्रमुख होते. पेंटियम १९९३ सालीं बाहेर पडला. १९९५ सालीं ते नेक्सजेन या लहान कंपनींत गेले. ती कंपनी एएमडीनें विकत घेतली, आणि तिच्याच आराखड्यांतून एएमडीचा के६ हा प्रोसेसर १९९७ सालीं निघाला. एकाच पुणेकराचा हात आधीं एका घराच्या आणि मग दुसऱ्या घराच्या यशाला लागला. ज्या दोन पक्षांचे कारागीर असे इकडून तिकडे जातात, त्यांच्यापैकीं एकाला देव आणि दुसऱ्याला दानव मानण्यांत अर्थ नाहीं.

निर्दोषपणाचा दावाहि दोघांनाहि करतां येत नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेंटियमच्या भागाकारांत चूक आढळली. ४१,९५,८३५ या संख्येस ३१,४५,७२७ ने भागिलें असतां १.३३३८ यावयास पाहिजे. सदोष पेंटियम १.३३३७ असें उत्तर देई. शाळेंतल्या मुलाच्या वहीवर अशी चूक लाल शाईनें खोडली जाते. इंटेलला ती सुमारें ४७ कोटि ५० लाख डॉलरला पडली. अलीकडे २०२३ सालीं एएमडीच्या राइझेन ७००० मालिकेंतील कांहीं प्रोसेसर अधिक दाबाच्या विजेनें जळले, आणि मदरबोर्डवरील त्या दाबास १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. २०२४ सालीं इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे वरच्या प्रतीचे प्रोसेसर अस्थिर होऊं लागले. तेथेंहि कारण विजेच्या दाबाचेंच होतें. इंटेलनें दुरुस्तीचा प्रोग्राम दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. यावरून घेण्यासारखा बोध इतकाच कीं, मदरबोर्डवरचा बायोस नांवाचा मूळ प्रोग्राम पहिल्याच दिवशीं अद्ययावत् करून घ्यावा आणि हमीचा कागद जपून ठेवावा. हा नियम दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे.

आतां निवडीच्या शास्त्राकडे वळावें. त्यासाठीं पुण्याचें एक मोठें उदाहरण आहे. १९८८ सालीं तेथें सी-डॅक ही संस्था निघाली. परदेशांतून महासंगणक मिळविण्यांत अडचणी होत्या, म्हणून पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जोडून मोठें काम करून घेण्याचा मार्ग या संस्थेनें धरला. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० हा संगणक सिद्ध झाला. त्यांत ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर वापरले होते. एका प्रोसेसरनें शेजारच्या प्रोसेसरशीं बोलावें याची सोय ट्रान्सप्यूटरच्या अंगांतच होती; तेव्हां निवड शहाणपणाची होती. तरीहि नशिबानें निराळें दान टाकलें. ट्रान्सप्यूटरची पुढची पिढी वेळेवर आली नाहीं आणि तें कुळच खुंटलें.

एवढ्यानें परम मात्र खुंटला नाहीं. सी-डॅकनें आपला संसार एकाच प्रोसेसरच्या गळ्यांत बांधलेला नव्हता. परम ८६०० मध्यें इंटेलचे आय८६० आले. परम ९००० मध्यें स्पार्क जातीचे प्रोसेसर आले. २००३ च्या परम पद्म मध्यें आयबीएमचे पॉवर४, २००८ च्या परम युवा मध्यें इंटेलचे झिऑन, आणि २०२० च्या परम सिद्धि-एआय मध्यें एएमडीचे एपिक प्रोसेसर बसविले गेले. एकाच संस्थेनें तीस वर्षांत इतक्या घराण्यांशीं सोयरीक केली. दर वेळीं तिनें प्रश्न विचारला तो हाच कीं, हातांत असलेलें काम आज कोणाकडून चांगलें होईल आणि उद्यां बदल करावा लागला तर वाट मोकळी राहील कीं नाहीं. बेटेगांवच्या फिटरानेंहि हाच प्रश्न विचारावयाचा आहे. फरक फक्त रकमेचा आहे.

वाट मोकळी ठेवणें म्हणजे काय, हें समजण्यास बोईसरच्या माणसाला पुण्यापर्यंतहि जावयास नको. तारापूरच्या अणुवीजकेंद्रांतील पहिले दोन संच १९६९ सालीं चालू झाले. ते अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे असून त्यांना समृद्ध युरेनियम लागे, आणि तें अमेरिकेंतून यावयाचें होतें. १९७४ च्या पोखरण येथील अणुस्फोटानंतर त्या पुरवठ्यांत विघ्नें आलीं, आणि पुढें इंधनासाठीं फ्रान्सकडे वळावें लागलें. त्याच आवारांत २००५ व २००६ सालीं जे प्रत्येकीं ५४० मेगावॅटचे दोन नवे संच चालूं झाले, ते नैसर्गिक युरेनियम व जड पाणी यांवर चालणारे, भारतांतच घडविलेले आहेत. यंत्र एकदां निवडलें म्हणजे त्याच्या जन्मभराचा पुरवठाहि निवडला जातो, हें या दोन जोड्या शेजारीं शेजारीं उभ्या राहून सांगत आहेत.

संगणकांत या पुरवठ्याचें नांव सॉकेट. मदरबोर्डवरच्या ज्या चौकटींत प्रोसेसर बसतो ती ही चौकट. एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यांत बसत नाहीं. एका आट्याचा नट दुसऱ्या आट्याच्या बोल्टवर चढत नाहीं, तशांतलाच हा प्रकार आहे. एएमडीचें एएम४ हें सॉकेट फार दिवस टिकलें. २०१७ सालीं घेतलेल्या कित्येक मदरबोर्डांवर, बायोस नवा केल्यावर, २०२० नंतरचे राइझेन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसूं शकले. २०२२ सालीं एएम५ आलें, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेंहि तें चालविण्याचें एएमडीनें जाहीर केलें आहे. इंटेलचें एलजीए १७०० हें सॉकेट २०२१ सालीं आलें; बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीस तें पुरलें; २०२४ च्या अखेरीस आलेल्या कोअर अल्ट्रा प्रोसेसरांना १८५१ हें निराळें सॉकेट लागतें. इंटेलच्या बाजूनें सांगण्यासारखें असें कीं, एलजीए १७०० चे मदरबोर्ड जुन्या डीडीआर४ रॅमसाठींहि मिळतात आणि नव्या डीडीआर५ रॅमसाठींहि. एएम५ ला डीडीआर५ च लागते. २०२५ च्या अखेरीपासून जगभर रॅमचे भाव चढले, त्यामुळें ही बाब आतां दुय्यम राहिलेली नाहीं. घरांत जुनी डीडीआर४ रॅम पडलेली असेल तर ती मोजावी.

इतकें झाल्यावर मुलीची वही उघडावी. तिच्या यादींत पहिला प्रश्न आहे : या यंत्रावर रोज काय होणार ? नकाशे काढणें, आठवड्यांतून दोनदां इमारतीचें त्रिमिति चित्र तयार करणें, भावाचा अभ्यास आणि रविवारीं त्याचा एखादा खेळ. नकाशा काढतांना बहुतेक वेळ प्रोसेसरचा एकच कोअर राबत असतो. तेथें कोअरांच्या संख्येपेक्षां एकेकाचा वेग महत्त्वाचा. त्रिमिति चित्र पुरें करतांना मात्र सगळे कोअर एकदम कामाला लागतात. तेव्हां मध्यम संख्येचे पण चपळ कोअर असलेला प्रोसेसर या घराला पाहिजे. इंटेलचा कोअर आय५-१२४०० आणि एएमडीचा राइझेन ५ ७६०० हे दोन्ही सहा कोअरांचे असून एकाच वेळीं बारा धागे चालवितात. सोळा कोअरांचा प्रोसेसर घेणें म्हणजे चार माणसांच्या स्वयंपाकास लग्नाचें पातेलें चढविण्यासारखें होईल.

दुसरा प्रश्न पडद्यावरच्या चित्राचा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड महाग असतें. प्रोसेसरच्या अंगींच चित्र काढण्याची शक्ति असेल तर तें कार्ड पुढच्या वर्षावर टाकतां येतें. येथें शेवटचें अक्षर नीट वाचावें. दोन्ही कंपन्यांच्या या नव्या मालिकांत नांवाअखेर ‘एफ’ असला म्हणजे ती शक्ति नाहीं असें समजावें. एएमडीच्या जुन्या राइझेन ५ ५६०० मध्यें ‘एफ’ नसूनहि ती नाहीं. ५६००जी मध्यें आहे. एवढें न पाहिल्यामुळें सर्व भाग जुळवून झाल्यावर पडदा काळाच राहतो, आणि दोष बिचाऱ्या दुकानदाराला लागतो.

तिसरा प्रश्न विजेचा व उष्णतेचा. डब्यावर लिहिलेले वॅट हे नेहमींच्या चालीचे असतात. भर कामांत ते वाढतात. आय५-१२४०० वर ६५ वॅट लिहिलेले असले तरी त्याची कमाल मर्यादा ११७ आहे. राइझेन ५ ७६०० वरहि ६५ च लिहिलेले असून त्याची मर्यादा ८८ आहे. इंटेलच्या आय९-१४९००के या थोराची मर्यादा २५३ वॅटांपर्यंत जाते. हिशेब सोपा आहे. शंभर वॅटांचा फरक रोज सहा तास चालला तर दिवसास ०.६ युनिट आणि महिन्यास १८ युनिटें होतात. बिलावरील दरानें गुणिलें कीं रक्कम निघते. समुद्राजवळच्या दमट हवेंत आणि मे महिन्याच्या उकाड्यांत हीच उष्णता खोलींत साठते, आणि पंख्याचा आवाज रात्रीच्या अभ्यासांत व्यत्यय आणतो. पावसाळ्यांत वीज अवचित जाते, त्यासाठीं यूपीएस अवश्य ठेवावा. प्रोसेसरवर वाचविलेले पैसे त्याकडे वळविणें अधिक शहाणपणाचें.

चौथा प्रश्न हमीचा. मुंबईंत ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, हा या मालाचा जुना बाजार. बोईसरहून पश्चिम रेल्वेनें सकाळीं निघालें तर दिवसांत काम उरकतें. तेथें प्रोसेसर सीलबंद डब्यांतहि मिळतो आणि ट्रे पीस म्हणून सुटाहि मिळतो. सुटा स्वस्त असतो, परंतु कंपनीची थेट हमी त्यास नसते. डब्यावरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक एक आहे ना, हें दुकानांतच ताडून घ्यावें. घरीं आल्यावर म्हणावयाचें “पाहिलें असतें तर” हें वाक्य कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं.

यादी वाचून झाली. धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, पण जिंकला कोण, तें सांग ना !” मुलगी म्हणाली, “आपल्या घरीं कोण जिंकला, तेवढेंच सांगतां येईल.” आणि वडिलांनीं इतका वेळ मनांत घोळविलेली गोष्ट बोलून दाखविली. “कारखान्यांत ज्या पंपाचे सुटे भाग मिळत नाहींत, तो पंप फुकट मिळाला तरी आम्हीं घेत नाहीं. आपल्याकडे पैसा दिवाळीच्या दिवाळीला येतो. तेव्हां यंत्रहि दिवाळीच्या दिवाळीला वाढवितां आलें पाहिजे.”

या एका वाक्यानें निवड ठरली. या घरासाठीं एएम५ चा मध्यम प्रतीचा मदरबोर्ड व राइझेन ५ ७६०० घ्यावा. रॅम महाग आहे म्हणून आज १६ जीबीची एकच पट्टी लावावी व दुसरी जागा मोकळी ठेवावी. एका पट्टीनें वेग कांहींसा कमी पडेल, तो वर्षभर सोसावा. पुढच्या दिवाळीस दुसरी पट्टी, त्यापुढच्या दिवाळीस ग्राफिक्स कार्ड, आणि तीन-चार वर्षांनीं गरज भासल्यास त्याच मदरबोर्डवर नवा प्रोसेसर, असा क्रम लागतो. शेजारच्या काकांना हें थोडें लागलें. परंतु त्यांच्या घरीं जुन्या संगणकांतील डीडीआर४ रॅमच्या दोन पट्ट्या आहेत, काम पत्रव्यवहाराचें आहे, आणि एकदां घेतलेलें यंत्र सात-आठ वर्षें उघडावयाचें नाहीं असा त्यांचा स्वभाव आहे. त्यांनीं आय५-१२४०० घ्यावा. तो त्यांना बिनतक्रार पुरेल. एकाच भिंतीच्या दोन बाजूंस दोन निराळे प्रोसेसर असतील, आणि दोन्ही निवडी बरोबर असतील.

या स्पर्धेंत ग्राहकानें लक्षांत ठेवण्याजोगी एक गोष्ट शेवटीं सांगणें अवश्य आहे. २०११ सालीं एएमडीचा बुलडोझर फसला, आणि त्यानंतर कित्येक वर्षें सामान्य घरगुती वापराच्या इंटेल प्रोसेसरांत चारापेक्षां अधिक कोअर मिळेनात. २०१७ सालीं एएमडीनें आठ कोअरांचा राइझेन आणला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इंटेलनें सहा कोअर देऊं केले. म्हणजे ज्यानें इंटेल घेतला त्याचाहि फायदा एएमडी जिवंत होती म्हणून झाला. १९८१ सालीं आयबीएमनें दुसऱ्या कारखान्याचा जो आग्रह धरला, त्याचें फळ आज बेटेगांवच्या घरापर्यंत पोंचलें आहे. यासाठीं ग्राहकानें कोणाचाहि भक्त होऊं नये आणि कोणाचें वाईटहि चिंतूं नये. आपलें काम ओळखावें, पुढची वाट पाहून ठेवावी, बिल जपावें. आणि पुढच्या वेळीं वही पुन्हां कोऱ्या पानावर उघडावी.